नंबर शंभर, वाटा तीस

एकाच कंपनीतल्या चार जणांची व्हिजिटिंग कार्डं टेबलावर शेजारीशेजारी मांडून बघा. खरेदी खात्याचा नंबर ४११२ वर संपतो, अकाउंट्सचा ४१३७ वर, सर्व्हिसचा ४१५५ वर आणि रिसेप्शनचा ४१०० वर. त्याआधीचे आकडे चारही कार्डांवर तेच. कंपनीत शंभर टेबलं असतील तर असे शंभर नंबर. मग त्या इमारतीत टेलिफोनच्या शंभर तारा येतात का?

येत नाहीत. बहुतेक ठिकाणी एकच येते. मी ऑफिसांत आणि कारखान्यांत ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइनी आतल्या टेबलांवरच्या फोनना जोडणारी यंत्रणा, बसवायचं काम करतो. नवीन गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं : "आम्हाला पन्नास लाइनी लागतील." त्यांना पन्नास लाइनी नको असतात, पन्नास नंबर हवे असतात. नंबर आणि लाइन या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे एकदा लक्षात आलं की महिन्याच्या बिलापासून ते 'तुमचा फोन लागतच नाही' या तक्रारीपर्यंत बरंच काही उलगडतं. डायरेक्ट इनवर्ड डायलिंग, म्हणजे आमच्या धंद्यात ज्याला सगळे डीआयडी म्हणतात ती बाहेरचा फोन मध्ये ऑपरेटर न येता थेट टेबलावर वाजवायची सोय, सगळी याच एका फरकावर उभी आहे.

गिरगावातली एखादी जुनी चाळ डोळ्यांसमोर आणा. खोल्या शंभर, प्रत्येक खोलीला स्वतःचा नंबर, पण जिने दोनच. पोस्टमन पाकिटावरचा खोली नंबर वाचतो, त्याच जिन्यानं वर जातो आणि बरोबर दारात पत्र टाकतो. शंभर खोल्यांसाठी शंभर जिने कोणी बांधले नाहीत, कारण शंभर बिऱ्हाडं एकाच मिनिटाला जिन्यावर येत नाहीत. टेलिफोनमध्ये नंबर म्हणजे खोलीचा पत्ता आणि लाइन म्हणजे जिना.

आपल्या घरच्या फोनमुळे हा गोंधळ झाला. घरी एक तार, एक डबा, एक नंबर. त्यामुळे नंबर तारेलाच चिकटलेला असतो अशी समजूत कायमची बसली.

बोर्डावरची बाई आणि पळणारे आकडे

आधी काय होतं ते पाहू, म्हणजे डीआयडीनं नेमकं काय वाचवलं ते कळेल. जुन्या लेटरहेडवर टेलिफोन नंबरापुढे कंसात '१० लाइन्स' असं छापलेलं असायचं. बाहेरच्यानं एकच नंबर फिरवायचा; पहिली लाइन बिझी असेल तर एक्स्चेंज फोन दुसरीवर, तीही बिझी असेल तर तिसरीवर टाकायचं. याला हंटिंग म्हणतात. पण या दहाही लाइनी येऊन थांबायच्या एकाच जागी, ऑपरेटरच्या बोर्डावर. ऑपरेटर विचारणार, "कोण पाहिजे?" तुम्ही नाव सांगणार, ती आतलं एक्स्टेन्शन लावणार, तिथे कोणी उचललं नाही तर पुन्हा लाइनवर येऊन सांगणार, "साहेब जागेवर नाहीत."

यात वेळ जायचा आणि पैसेही जायचे. एक्स्चेंजच्या दृष्टीनं ऑपरेटरनं 'हॅलो' म्हटलं की कॉल लागला, मीटर सुरू. साताऱ्याच्या पीसीओतून मुंबईच्या हेड ऑफिसला एसटीडी लावणाऱ्या माणसाला समोरच्या डब्यावरचे लाल आकडे पळताना दिसायचे. साहेबांना शोधेपर्यंत त्याच्या खिशातून पैसे जात राहायचे, आणि बऱ्याचदा शेवटी साहेब नसायचेच. आज 'आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है' ऐकत थांबलेल्या माणसाचंही काही वेगळं नसतं. कॉलचे पैसे आता फारसे लागत नाहीत, पण वेळ त्याचाच जातो.

डिसा कार्ड ही मधली पायरी. बोर्डावरच्या बाईऐवजी रेकॉर्ड केलेला आवाज : "एक्स्टेन्शन नंबर माहीत असल्यास डायल करा, नाहीतर ऑपरेटरसाठी थांबा." अनेक लहान ऑफिसांत आजही हेच चालतं आणि चांगलं चालतं. पण इथेही कॉल आधी उचलला जातो आणि मग आत जातो. डीआयडीत आत जाण्याआधी कोणी उचलतच नाही. घंटा थेट टेबलावर वाजते, आणि त्या टेबलावरच्या माणसानं उचललं तरच कॉल लागला असं धरलं जातं.

ऑपरेटरला मधून काढण्याची खटपट तशी फार जुनी. अल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीचं काम करणारा व्यावसायिक. आपल्याकडे येणारे फोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, असं सांगतात. त्यानं स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट १८९१ मध्ये मिळवलं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. गावाचं एक्स्चेंज असं स्वयंचलित झालं, पण कंपनीच्या दारातली ऑपरेटर पुढे कित्येक दशकं तिथेच राहिली. अमेरिकेत एटी अँड टीनं डीआयडी सेवा आणली ती १९६० च्या दशकात.

४१३७ फिरवल्यावर काय होतं

आता एका कॉलच्या मागे मागे जाऊ. साताऱ्यातला एक व्यापारी मुंबईच्या कंपनीच्या अकाउंट्स खात्याचा नंबर लावतो. ०२२, मग आठ आकडे, शेवटचे चार ४१३७.

आपल्याकडे एसटीडी कोडमधलं सुरुवातीचं शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे होतात. मुंबईचा कोड दोन आकडी, म्हणून नंबर आठ आकडी. कोल्हापूरचा २३१, म्हणून सात. साताऱ्याचा २१६२, म्हणून सहा. नंबराचा पहिला आकडा तो कोणत्या टेलिफोन कंपनीच्या वाट्याचा आहे हे सांगतो. २ नं सुरू होणारे बीएसएनएल-एमटीएनएलचे; ४, ६ असे आकडे खासगी कंपन्यांकडे. एवढ्यावरून कॉल योग्य कंपनीच्या मुंबईतल्या एक्स्चेंजपर्यंत पोचतो.

त्या एक्स्चेंजमध्ये एक नोंद आहे : ४१०० ते ४१९९ या शंभर नंबरांपैकी कोणताही आला तरी तो अमुक इमारतीच्या वाटेवर टाका. ४१३७ म्हणजे अकाउंट्स की कँटीन, हे एक्स्चेंजला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. शंभर खोल्यांची चाळ कुठे आहे एवढं त्याला ठाऊक आहे. खोली शोधणं चाळीच्या आत होणार.

ही वाट म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पीआरआय नावाची डिजिटल लाइन, एकाच जोडणीतून अनेक संभाषणं नेणारी. आधी तांब्यावरून यायची, आता बहुधा फायबरवरून येते आणि शेवटच्या डब्यातून चार तारांची एक केबल ईपीएबीएक्सच्या पीआरआय कार्डात जाते. तिच्यातून सेकंदाला २०,४८,००० बिट वाहतात. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. माणसाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहायचं, की एका संभाषणाला ६४,००० बिट लागतात. असे ३२ कप्पे एकामागोमाग एक लावले की वीस लाख अठ्ठेचाळीस हजार. पहिला कप्पा, ज्याला शून्यावा म्हणतात, दोन्हीकडची घड्याळं जुळवण्यासाठी; सोळावा निरोपांसाठी; उरलेले ३० बोलण्यासाठी. म्हणून एकाच केबलमध्ये तीस वाटा, म्हणजेच तीस जिने. अमेरिकेत हीच व्यवस्था चोवीस कप्प्यांची आहे, तिथे तेवीस संभाषणं आणि एक निरोपांचा कप्पा.

सगळी गंमत त्या सोळाव्या कप्प्यात आहे. व्यापाऱ्याचा कॉल आला की एक्स्चेंज त्या कप्प्यातून ईपीएबीएक्सला निरोप पाठवतं. साध्या भाषेत तो असा : सातव्या वाटेवर एक कॉल देतोय, फिरवलेला नंबर ४१३७ आहे, फिरवणाऱ्याचा नंबर हा. आवाज नंतर, आधी पत्ता. ईपीएबीएक्स आपल्या तक्त्यात बघतो : ४१३७ समोर एक्स्टेन्शन १३७. ते मोकळं असेल तर घंटा वाजवतो आणि एक्स्चेंजला कळवतो, 'वाजतोय'. अकाउंट्समधल्या ताईंनी उचलल्यावर दुसरा निरोप जातो, 'उचलला', आणि तेव्हाच कॉलचा हिशेब सुरू होतो. बोलणं संपलं की सातवी वाट मोकळी. पुढच्याच क्षणी ती ४१५५ च्या कॉलला मिळेल.

म्हणजे सातवी वाट कोणाचीच नाही, आणि ४१३७ ला स्वतःची तार नाही. नंबर हा निरोपात लिहिलेला मजकूर आहे, बाकी काही नाही.

पीआरआयच्या आधी साध्या तांब्याच्या जोडीवरही डीआयडी चालायचं, आणि ती पद्धत मला फार आवडते. नेहमीच्या लाइनवर वीज एक्स्चेंज पुरवतं आणि फोन आकडे फिरवतो. डीआयडीच्या तारेवर सगळं उलटं : वीज ईपीएबीएक्सनं पुरवायची आणि शेवटचे तीन-चार आकडे एक्स्चेंजनं फिरवायचे, जणू एक्स्चेंज हाच एक फोन आहे. त्यामुळे त्या तारांवरून फक्त आत येणारे कॉल यायचे, बाहेर जाणारे नाहीत. 'इनवर्ड' हा शब्द तिथे अगदी अक्षरशः खरा होता.

आता नवीन जोडण्या सिप ट्रंकवर होऊ लागल्या आहेत. सिप म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीनं कॉल जोडायचे नियम, आज वापरात असलेले त्यांचे मूळ नियम २००२ चे. कप्पे गेले, पण निरोप तसाच राहिला. ज्याला 'इन्व्हाइट' म्हणतात त्या पहिल्या संदेशात फिरवलेला नंबर लिहिलेला असतो आणि तुमची यंत्रणा तो वाचून टेबल शोधते. ६४,००० बिटांच्या आवाजावर इंटरनेटची पाकिटं चढली की एका संभाषणाला साधारण ९० ते १०० किलोबिट लागतात. दहा जण एकदम बोलत असतील तर एक मेगाबिट धरा, तेही दोन्ही दिशांनी. ऑफिसचं इंटरनेट आणि फोन एकाच वाटेवर असतील आणि कोणी मोठी फाइल चढवत असेल, तर आवाज तुटतो तो यामुळे. नंबराचा त्यात काही दोष नसतो.

किती जिने पुरतील?

गिऱ्हाइकाशी सगळ्यात जास्त वाद या प्रश्नावर होतो. शंभर माणसं आणि तीसच वाटा म्हणजे सत्तर जणांचे फोन लागणारच नाहीत, असं त्यांना वाटतं. भीती खरी वाटते, पण तिचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे.

आग्नर क्रारूप एरलांग हे डेन्मार्कचे गणिती कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करायचे. त्यांचा टेलिफोनच्या वर्दळीवरचा पहिला निबंध १९०९ चा, आणि आजही वापरलं जाणारं सूत्र १९१७ चं. एक वाट पूर्ण तासभर व्यापलेली असेल तर ती एक एरलांग वर्दळ, असं माप पुढे त्यांच्याच नावानं रूढ झालं.

हिशेब असा. तुमच्या दिवसातला सगळ्यात गर्दीचा तास घ्या, समजा सकाळी अकरा ते बारा. त्या तासात प्रत्येक माणूस बाहेरच्या फोनवर सरासरी सहा मिनिटं बोलतो असं धरू. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. शंभर माणसं गुणिले एक दशांश, दहा एरलांग. म्हणजे दहा वाटा पुरतील? नाही, कारण कॉल रांगेत, शिस्तीत येत नाहीत; कधी पाच, कधी पंधरा असे एकदम येतात. शंभरातल्या एकापेक्षा जास्त कॉलना 'सगळ्या वाटा व्यस्त' असं होऊ नये अशी अट घातली, तर एरलांगचं सूत्र सांगतं : अठरा. शंभर माणसांना अठरा वाटा. त्याच अटीवर पूर्ण तीस वाटा वीस एरलांगला पुरतात, म्हणजे अशा सवयीच्या दोनशे माणसांना.

याच सूत्रातली आणखी एक गोष्ट प्रत्येक ऑफिस मॅनेजरनं लक्षात ठेवावी अशी आहे. समजा कंपनीनं पन्नास-पन्नास माणसांचे दोन भाग केले आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र लाइनी दिल्या. प्रत्येकाची वर्दळ पाच एरलांग. त्याच एक टक्क्याच्या अटीला प्रत्येक भागाला अकरा वाटा लागतात, दोन्ही मिळून बावीस. एकत्र होत्या तेव्हा अठरा पुरत होत्या. 'आमच्या खात्याची लाइन वेगळी हवी' या हट्टापायी चार वाटांचं भाडं दर महिन्याला जातं. डीआयडीत प्रत्येक खात्याला स्वतःचा नंबर मिळतो आणि वाटा सगळ्यांच्या मिळून राहतात, म्हणून हट्टही पुरतो आणि पैसेही वाचतात.

अर्थात ही सहा मिनिटं सगळीकडे सारखी नसतात. कॉल सेंटरमध्ये माणूस तासातली पन्नास मिनिटं फोनवर असतो. तिथे माणसामागे एक वाट लागणारच. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट खिडकीला सकाळी आठला जी झुंबड उडते तिला सरासरी लावून चालत नाही. आपला गर्दीचा तास कोणता, हे कागदावर मांडल्याशिवाय वाटा विकत घेऊ नका.

जर्मन कार्डावरची ती आडवी रेघ

पुण्यात चाकण-रांजणगाव भागात जर्मन कंपन्यांशी काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. जर्मन माणसाच्या कार्डावर फोन नंबरात शेवटी आडवी रेघ असते आणि पुढे दोन-तीन आकडे, समजा ‑३१४. त्याच कंपनीच्या लेटरहेडवर तोच नंबर, पण रेघेपुढे फक्त ‑०. ही रेघ म्हणजे कंपनीचं दार. अलीकडचे आकडे कंपनीचे, पलीकडचे टेबलाचे, आणि शून्य म्हणजे रिसेप्शन. या थेट नंबराला ते 'डुर्खवाल' म्हणतात. एखाद्या टेबलाचा नंबर माहीत नसेल तर शेवटचे आकडे काढून शून्य लावा, कोणीतरी उचलेल.

ही सुंदर सोय आपल्याकडे का नाही? कारण तिथे नंबरांची लांबी कमीजास्त चालते. कंपनीच्या नंबरामागे कंपनी आपल्या गरजेप्रमाणे आकडे जोडू शकते. आपले नंबर दहा आकड्यांत बांधलेले. त्यामुळे शंभर टेबलांना नंबर द्यायचे तर गावाच्या साठ्यातून खरोखरचे शंभर नंबर काढून द्यावे लागतात. साताऱ्यात सहा आकडी नंबर, त्यात पहिला आकडा कंपनीचा ठरलेला, म्हणजे एका टेलिफोन कंपनीकडे एक लाख नंबर. शंभरचा एक गठ्ठा दिला की त्यातला हजारावा हिस्सा एका गिऱ्हाइकाला गेला. नंबरांना वेगळं मासिक भाडं लावतात त्यामागे हेही एक कारण आहे, फुकटचं काही नाही.

आपल्याकडे गठ्ठ्यातल्या मुख्य नंबराला पायलट नंबर म्हणतात. तो शक्यतो ००वर संपणारा मागून घ्या आणि रिसेप्शनला द्या. जर्मनांच्या त्या शून्याच्या जवळ जायचा एवढाच मार्ग आपल्याला आहे.

बिघडतं कुठे

तारा क्वचित बिघडतात. बिघडतो तो तक्ता. एका कारखान्यानं टेलिफोन कंपनी बदलली आणि त्या दिवसापासून शंभरही नंबरांचे कॉल रिसेप्शनवर पडायला लागले. मालक ईपीएबीएक्स बदलायला निघाले होते. झालं होतं एवढंच, की आधीची कंपनी निरोपात शेवटचे चार आकडे पाठवायची आणि नवी कंपनी पूर्ण नंबर पाठवत होती. तक्त्यात चार आकड्यांच्या नोंदी, समोर आला लांबलचक नंबर, जुळणी होईना, म्हणून प्रत्येक कॉल 'न जुळल्यास ऑपरेटर' या शेवटच्या नोंदीवर. पुढचे आकडे गाळायची एक सेटिंग टाकली आणि काम झालं. जोडणीच्या दिवशी टेलिफोन कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारायचा : तुम्ही किती आकडे पाठवणार?

दुसरं दुखणं परतीच्या फोनचं. कॉल करणाऱ्याचा नंबर पडद्यावर येतो, पण त्यापुढे शून्य नसतं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवावं लागतं. त्यामुळे मिस्ड कॉलवर नुसतं बटण दाबून फोन केला तर लागत नाही आणि लोक समजतात मोबाइल बंद आहे. ईपीएबीएक्समध्ये बाहेर जाणाऱ्या मोबाइल नंबरांपुढे शून्य आपोआप जोडायची नोंद करता येते. ती नसेल तर आजच करून घ्या. किती ग्राहकांना परतीचा फोन गेलाच नसेल याचा विचार करून मला वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट, तुम्ही बाहेर फोन केल्यावर समोर कोणता नंबर दिसतो. ईपीएबीएक्स निरोपात तुमच्या टेबलाचा डीआयडी नंबर पाठवू शकतो किंवा सगळ्यांसाठी पायलट नंबर. टेलिफोन कंपनी फक्त तुमच्या गठ्ठ्यातलाच नंबर मान्य करते, दुसऱ्याचा पाठवलात तर पायलट लावून देते किंवा कॉल थांबवते. वसुली किंवा सर्व्हिसच्या माणसानं स्वतःचा डीआयडी दाखवावा, म्हणजे समोरच्यानं परत फोन केला तर त्याच माणसाकडे येईल. ज्यांना परतीचे फोन नकोत त्यांनी पायलट. मात्र या नंबरांवरून जाहिरातीचे कॉल करू नका. त्यासाठी १४० ची मालिका वेगळी ठेवलेली आहे, आणि सेवा-व्यवहाराच्या कॉलसाठी २०२४ मध्ये १६० नं सुरू होणारी मालिका आली.

गठ्ठ्यातले न वापरलेले नंबरही मोकळे सोडू नयेत. शंभरातले सदतीस वापरात, उरलेल्या त्रेसष्टांवर कोणी चुकून फोन केला तर त्याला नुसता टूंटूं आवाज ऐकू येऊ नये. सगळे रिसेप्शनला जोडा. माणूस सुट्टीवर असेल किंवा पाच-सहा घंटांत उचलत नसेल तर कॉल शेजारच्या टेबलावर, तिथून रिसेप्शनवर, रात्री वॉचमनच्या केबिनमध्ये, हे सगळं प्रत्येक नंबरासाठी वेगळं ठरवता येतं. थेट नंबर दिला आणि ही मागची सोय केली नाही, तर ऑपरेटरच्या काळापेक्षा वाईट अवस्था होते. तेव्हा निदान कोणीतरी सांगायचं की साहेब जागेवर नाहीत.

नंबर माणसाचा नको, कामाचा हवा

आता लहान धंदेवाईक म्हणतील, हे सगळं कशाला, आमच्या मुलांकडे मोबाइल आहेत. मला तिथेच बोलायचं आहे. सेल्समनचा खासगी मोबाइल नंबर बिलावर छापला, की तो माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी तुमचे ग्राहक त्याच्याबरोबर जातात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नंबर त्याचाच होता. डीआयडी नंबर टेबलाचा असतो. माणूस बदलला की तक्त्यातली एक ओळ बदलते. आणि टेबलावर फोनचा डबाच असला पाहिजे असंही आता राहिलेलं नाही : ४१५५ ची घंटा मेकॅनिकच्या मोबाइलवर वाजवता येते. त्याचा खासगी नंबर ग्राहकाला कळत नाही, आणि रविवारी त्याला शांतपणे जेवता येतं. ही दुसरी बाजू मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते.

नंबर म्हणजे तक्त्यातली नोंद, हे मान्य केलं की त्याचे आणखी उपयोग सुचतात. बिल्डर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत एक नंबर छापतो आणि हायवेवरच्या होर्डिंगवर दुसरा. दोन्ही एकाच टेबलावर वाजतात, पण कोणता फिरवला गेला ते निरोपात आलेलंच असतं, म्हणून कोणत्या जाहिरातीनं किती फोन आणले ते मोजता येतं. जेवण घेऊन येणाऱ्या मुलाचा फोन अनोळखी नंबरावरून येतो तोही याच कुळातला : मधला नंबर कंपनीचा, आणि या घडीला तो कोणाला कोणाशी जोडायचा हे तक्ता ठरवतो. १८०० चा टोल-फ्री नंबर तर स्वतः कुठेच पोचत नाही. टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेत तो तुमच्या नेहमीच्या एखाद्या नंबरात बदलला जातो आणि मग पुढे येतो.

हिंजवडीतल्या कंपनीला न्यूयॉर्कचा नंबर असतो तोही असाच. तिथला डीआयडी तिथल्या कंपनीकडून घ्यायचा, कॉल इंटरनेटवरून इथे येतो. पण इथे नियम सांभाळावे लागतात. इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल आपल्याकडच्या साध्या टेलिफोन जाळ्यात परस्पर सोडणं बेकायदा आहे. कॉल सेंटरसाठीचे नियम दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये बरेच सैल केले, पण ही मनाई उठलेली नाही. स्वस्तातला डबा विकायला येणाऱ्याला लायसन्स कोणाचं आहे ते आधी विचारा.

नंबराच्या बाबतीत एकच दोर अजून सुटलेला नाही. मोबाइल नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो. लँडलाइनला आपल्याकडे ती सोय नाही. टेलिफोन कंपनी बदलली की नंबर बदलतो. म्हणून कंपनी निवडताना दर महिन्याच्या दोनशे रुपयांचा फरक पाहू नका, हे नंबर पंधरा वर्षं तिथेच राहतील असं धरून निवडा.

कोल्हापूरकडच्या एका पंप कारखान्यात हे मी प्रत्यक्ष पाहिलं. त्यांनी सर्व्हिस खात्याचा थेट नंबर पंपावरच्या पितळी पट्टीवर ठोकून छापला होता. विहिरी-विहिरींवर ती पट्टी वर्षानुवर्षं बसलेली. नव्या कंपनीची लाइन घेतली तेव्हा नव्याण्णव नंबर सोडायला मालक तयार होते, तो एक नव्हता. मग जुन्या कंपनीची एक साधी लाइन त्या एका नंबरासाठी चालू ठेवली, ती ईपीएबीएक्सच्या कोपऱ्यातल्या कार्डात घेतली आणि तक्त्यात लिहिलं : इथून जे येईल ते सर्व्हिसच्या टेबलावर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॉल आता एकाच फोनवर वाजतात. हंगामात, पाण्याच्या पाळीच्या दिवसांत, त्या जुन्या लाइनचा दिवा सकाळी सहापासूनच लागलेला असतो.